ॲव्हरेजची बाटली नको, आधी कार्ब्युरेटर तपासा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मराठवाड्यातल्या आठवडी बाजारांत आणि मोबाइलवरच्या चित्रफितींत 'पेट्रोलची वाफ करून इंजिनाला द्या, ॲव्हरेज दुप्पट मिळवा' असे सांगणारी साधने विकली जातात. कुठे सायलेन्सरला गुंडाळलेली तांब्याची नळी असते, कुठे अर्धी पेट्रोल भरलेली प्लास्टिकची बाटली, कुठे पेट्रोलच्या पाइपवर बसवायचे लोहचुंबक, तर कुठे टाकीत टाकायची गोळी. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले आणि नव्या दुचाक्यांत इंधन इंजेक्शन आले. तरी खेड्यापाड्यांत आज धावणाऱ्या कितीतरी मोटारसायकली कार्ब्युरेटरच्याच, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या जुन्या भागाच्याच आहेत. पाठीवरचे फवारणी पंप, ग्रास कटर, पाणी उपसायची छोटी इंजिने आणि जनरेटरही त्यावरच चालतात. ही साधने विकत घेणारा माणूस बहुतेक वेळा काटकसर करणारा शेतकरी किंवा मजूर असतो, म्हणून हे पत्र सविस्तर लिहितो आहे.

आधी दाव्याचे पाहू. मिश्रण बरोबर असेल आणि इंजिन तापलेले असेल, तर साधे कार्ब्युरेटर असलेले इंजिनही आत गेलेल्या पेट्रोलपैकी ९५ टक्क्यांहून जास्त जाळते. तरीही त्या उष्णतेचा जेमतेम चौथा हिस्सा क्रँकपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्यापर्यंत पोचतो. बाकीची उष्णता सायलेन्सरमधून आणि सिलिंडरच्या फिनांवरून हवेत जाते. पेट्रोल आधीच पूर्ण वाफ होऊन आत गेले तरी या वाटपात फारसा फरक पडत नाही. जे ४-५ टक्के न जळता जाते, तेवढ्यापुरतीच वाफेची कमाल मर्यादा. त्यातून लिटरला ६० किलोमीटरचे १२० होणार कसे? १९३० च्या दशकात कॅनडातल्या चार्ल्स नेल्सन पोग यांनी असाच वाफेचा कार्ब्युरेटर काढला. पेटंट मिळाली, गॅलनला २०० मैलांच्या बातम्या जगभर फिरल्या, पण स्वतंत्र चाचणीत ते कधीच सिद्ध झाले नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधन वाचवणारी म्हणून विकली जाणारी शंभरहून अधिक साधने तपासली. ॲव्हरेज लक्षणीय वाढवणारे एकही साधन तिला सापडले नाही.

सायलेन्सरभोवती पेट्रोलची नळी गुंडाळण्यात आणखी एक मूलभूत चूक आहे. कार्ब्युरेटरचा जेट, म्हणजे बारीक छिद्राचा पितळी तुकडा, द्रव पेट्रोल मोजण्यासाठी बनवलेला असतो. नळीत पेट्रोल उकळले की त्यातून द्रवाऐवजी बुडबुडे येतात. मग इंजिनाला कधी पेट्रोल मिळते, कधी नाही. गाडी झटके मारते, मिश्रण पातळ होऊन (पेट्रोल कमी, हवा जास्त) व्हॉल्व्ह आणि पिस्टन तापतात. बाटलीचा प्रकार तर सरळ जिवावरचा आहे. हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के पेट्रोलची वाफ असली की ती ठिणगीने पेटते. बाटलीत पेट्रोल कमी होत जाते, हवा शिरत राहते आणि केव्हातरी आतले प्रमाण नेमके या पट्ट्यात येते. इंजिनाने कार्ब्युरेटरमधून एक उलटा भडका मारला की मांडीजवळची ती बाटली फुटू शकते. शिवाय असे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतात, आणि अपघातानंतर विमा कंपनी त्यावर बोट ठेवू शकते.

विक्रेत्यांची १०० मिलीची चाचणी कशी फसवते, हेही वाचकांनी समजून घ्यावे. टाकीचा पाइप काढून १०० मिलीची बाटली लावतात आणि ती संपेपर्यंत गाडी चालवतात. पण छोट्या गाडीच्या फ्लोट बाऊलमध्येच, म्हणजे तरंगता फ्लोट पातळी राखतो त्या कार्ब्युरेटरच्या वाटीतच, २०-३० मिली पेट्रोल असते. एका फेरीत बाऊल भरलेला आणि दुसऱ्या फेरीत रिकामा ठेवला, की साधन न लावताही २०-३० टक्क्यांचा फरक दाखवता येतो. वरून पहिली फेरी ६० च्या वेगाने आणि दुसरी ३५ च्या. खरी मोजणी करायची असेल तर टाकी एकाच पंपावर, गाडी स्टँडवर उभी करून, एकाच खुणेपर्यंत भरावी, नेहमीच्या रस्त्यावर दोन-तीनशे किलोमीटर चालवावी आणि पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरावी.

या फसवणुकीमागे एक खरी गोष्ट मात्र आहे. पेट्रोलची वाफ नीट होणे महत्त्वाचेच असते. थेंब मोठे राहिले तर ते इनटेक पाइपच्या भिंतीला चिकटतात, उशिरा आणि अर्धवट जळतात. ओले सरपण चुलीत धुमसते, तसेच हे. पण वाफ करण्याची सोय कार्ब्युरेटरमध्येच असते आणि बिघडते ती सोय. ती पूर्ववत केली की जेवढे वाचू शकते, तेवढे वाचते.

मेन जेटच्या वर पितळेची एक छोटी नळी असते, इमल्शन ट्यूब. तिच्या अंगावर टाचणीच्या टोकाएवढी भोके असतात. फिल्टरच्या बाजूच्या एअर जेटमधून आलेली हवा या भोकांतून पेट्रोलमध्ये मिसळते, पेट्रोलचा फेस होतो आणि तो फेस व्हेंच्युरीतल्या, म्हणजे कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातल्या, वेगवान हवेत फुटून बारीक तुषार बनतो. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ आणि जुन्या पेट्रोलचा डिंक ही भोके बुजवतात. मग दोन गोष्टी एकदमच होतात. हवा कमी मिळाल्याने मिश्रण गाढे होते, आणि फेसाऐवजी सलग धार आल्याने थेंब मोठे होतात. अशी गाडी काळा धूर सोडते, प्लग कोरड्या काजळीने भरतो आणि ॲव्हरेज पडते. वाफेचा खरा दोष इथे असतो. उपाय म्हणजे इमल्शन ट्यूब काढून कार्ब्युरेटर क्लिनरमध्ये भिजवणे, प्रत्येक भोक उजेडासमोर धरून पाहणे आणि दाबाच्या हवेने उडवणे. हवा मारण्याआधी फ्लोट, रबरी ओ-रिंग आणि व्हॅक्यूमच्या कार्ब्युरेटरमधला डायफ्राम, म्हणजे रबरी पडदा, काढून ठेवावा, नाहीतर तो फाटतो.

जेटमध्ये तार घालू नका, हे कितीही वेळा सांगितले तरी थोडेच. केहिन या कार्ब्युरेटर कंपनीच्या जातीच्या जेटवरचा आकडा छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो. मिकुनी या दुसऱ्या कंपनीच्या काही जेटांवरचा आकडा प्रवाहाचा असतो, म्हणून दोन्हींची अदलाबदल करू नये. ३५ नंबरचा स्लो जेट (आयडलिंगचे पेट्रोल मोजणारा) म्हणजे ०.३५ मिमीचे छिद्र. आत सगळीकडून फक्त ०.०२५ मिमीचा डिंक बसला तर व्यास ०.३० होतो आणि छिद्राचे क्षेत्रफळ सुमारे पाव हिश्शाने घटते. उलट तारेने घासून ते ०.४० झाले तर ३० टक्क्यांनी वाढते. एकदा रुंद झालेले छिद्र परत अरुंद होत नाही. नायलॉनचा दोरा चालतो, तार नाही.

गॅरेजमध्ये ॲव्हरेजची तक्रार केली की स्क्रूड्रायव्हर आधी आयडलिंगच्या (उभ्या गाडीच्या चालीच्या) स्क्रूकडे जातो. पण तो स्क्रू थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) पहिल्या आठव्या भागापर्यंत उघडेपर्यंतच परिणाम करतो. पुढे पावपर्यंत स्लाइडच्या, म्हणजे थ्रॉटलबरोबर वर-खाली होणाऱ्या दट्ट्याच्या, खालच्या कापाचा अंमल असतो, पाव ते पाऊण निडल (स्लाइडला लावलेली निमुळती सुई) आणि निडल जेटचा, आणि त्याच्या वर मेन जेटचा. १०० सीसीची गाडी ४५-५० च्या वेगाने जालन्याहून अंबडला जाते, तेव्हा ती बहुतेक वेळ निडलवर चालत असते. म्हणजे पेट्रोल जिथे खर्च होते, तिथे कोणी हातच लावत नाही.

निडलची झीज डोळ्यांना सहज दिसत नाही. धावताना स्लाइड थरथरते, निडल पितळेच्या निडल जेटला एका बाजूने घासत राहते आणि वर्षांनंतर गोल भोक अंड्याच्या आकाराचे होते. निडल नखावर ओढून पाहिली तर मधल्या भागात चकाकणारा घसट पट्टा लागतो. हा फरक मिलिमीटरच्या एक-दोन शतांश भागाएवढाच असतो, पण निडल आणि जेटमधली फटही अगदी बारीकच असते. कितीही साफ केले तरी अशी गाडी मधल्या वेगात गाढेच मिश्रण घेते. निडल आणि निडल जेट जोडीनेच, मूळ कंपनीचे बदलावे लागतात. बाजारातल्या स्वस्त किटमधल्या निडलचा उतार वेगळा निघाला, तर बदल करून नुकसानच होते.

आता आयडलिंग. इंजिन दहा मिनिटे चालवून तापवावे. स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोल-मिश्रणाचा, बाहेर काढला की मिश्रण गाढे होते. फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, बाहेर काढला की पातळ होते. ही ओळख न करता फिरवणारे निम्मे काम उलटे करतात. स्क्रू हलक्या हाताने आत टेकवावा, जोराने आवळल्यास त्याचे टोक बसण्याच्या जागेत खड्डा पाडते. मग दीड ते दोन फेरे बाहेर काढावा, पाव-पाव फेऱ्याने पुढे-मागे करून इंजिनाचा वेग सर्वांत जास्त जिथे होतो तिथे ठेवावा, आणि थ्रॉटलच्या स्क्रूने वेग मॅन्युअलप्रमाणे, बहुतेक छोट्या गाड्यांत मिनिटाला १,४०० फेऱ्यांच्या आसपास, आणावा. हे दोनदा करावे. स्क्रू फिरवूनही वेग बदलत नसेल तर स्लो जेट बुजलेला आहे किंवा कुठून तरी चोरटी हवा शिरते आहे.

चोरटी हवा बहुतेक कार्ब्युरेटर आणि इंजिनाच्या हेडमधल्या ओ-रिंगमधून येते. ती शोधायला पेट्रोल शिंपडणे मूर्खपणाचे आहे. साबणाचे पाणी लावावे. वेग क्षणभर बदलला तर गळती तिथेच. याच जोडावर काळ्या-तपकिरी बेकलाइटचा जाड तुकडा असतो. तो हेडची उष्णता कार्ब्युरेटरकडे जाऊ देत नाही. तडा गेला म्हणून त्याच्या जागी कागदी पॅकिंग कापून बसवलेल्या गाड्या दिसतात. मे महिन्यात ४२-४३ अंशांत अशी गाडी दहा मिनिटे उभी केली की बाऊलमधले पेट्रोल उकळू लागते, कारण पेट्रोलचे हलके घटक ३५-४० अंशांपासूनच उडू लागतात. मग किका मारून माणूस थकतो. अशा वेळी चोक न ओढता थ्रॉटल थोडा उघडून किक मारावी, आणि संध्याकाळी तो तुकडा बदलून घ्यावा. पाचपन्नास रुपयांचे काम आहे.

फ्लोटची पातळी तपासायला कार्ब्युरेटर उघडावाही लागत नाही. खालच्या ड्रेन नळीला पारदर्शक पाइप लावून तो कार्ब्युरेटरला समांतर उभा धरावा आणि ड्रेन स्क्रू सैल करावा. पाइपात पेट्रोल जिथे थांबते तीच आतली पातळी. ती बाऊलच्या जोडापासून काही मिलिमीटर खाली, मॅन्युअलमध्ये दिली असेल तेवढी हवी. जास्त असेल तर गाडी सगळ्याच वेगांत गाढी चालते आणि दोष मात्र जेटला दिला जातो.

इथेनॉलचा विषय आपल्या भागात दुहेरी जिव्हाळ्याचा. मराठवाड्यातले साखर कारखाने इथेनॉल बनवतात आणि त्याच भागातल्या जुन्या गाड्या ते पितात. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते, १० टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला सुमारे १४.१ आणि २० टक्क्यांच्या मिश्रणाला सुमारे १३.५. म्हणजे जेट तोच राहिला तर १० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर जाताना मिश्रण चारेक टक्क्यांनी पातळ होते. इथेनॉलला वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, त्यामुळे परभणीच्या थंडीत सकाळी गाडी उशिरा उठते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच अशा जुन्या दुचाक्यांचे ॲव्हरेज ३ ते ४ टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिला होता. ६० देणाऱ्या गाडीला म्हणजे दोनेक किलोमीटर. तेवढी घट इंधनाचीच आहे, ती कोणताही मेकॅनिक भरून देऊ शकत नाही. गाडी त्याहून जास्त पडली असेल तर दोष शोधावा.

म्हणून सरसकट सगळ्यांचे जेट मोठे करा असे मात्र मी म्हणणार नाही. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटरवर आहे. उंचीवरची हवा विरळ, त्यामुळे तिथे मिश्रण आपोआप जवळजवळ ३ टक्क्यांनी गाढे होते. उन्हाळ्यातली तापलेली हवा त्यात आणखी भर घालते. हीच गाडी डिसेंबरात पातळ आणि मे महिन्यात गाढी चालते. म्हणून आधी तपासावे. इंजिन तापल्यावर मोकळ्या रस्त्यावर ४०-४५ च्या स्थिर वेगाने जाताना चोक किंचित ओढावा. गाडी सुधारली, ओढ वाढली, तर मिश्रण पातळ आहे. गुदमरली तर ठीक किंवा गाढे. पातळ निघाले तर निडलची क्लिप एक खाच खाली करावी, म्हणजे निडल वर उचलली जाते. काही गाड्यांच्या निडलला एकच खाच असते, तिथे क्लिपखाली अर्ध्या मिलिमीटरचा वॉशर घालतात. पूर्ण थ्रॉटललाही पातळच असेल तर मेन जेट एका पायरीने वाढवावा. १०० चा १०२ केला तरी क्षेत्रफळ ४ टक्क्यांनी वाढते, तेवढे पुरते. दोन-तीन पायऱ्या एकदम चढणाऱ्यांचा प्लग काळा होतो आणि पेट्रोलही जाते.

एअर फिल्टरचे थोडक्यात. फोमचा असेल तर धुऊन, वाळवून, इंजिन ऑइलमध्ये बुडवून पिळून बसवावा. कोरडा कागदी असेल तर आतून बाहेर हलकी हवा मारावी. तेलकट कागदाचा असेल तर धुऊही नये, हवाही मारू नये, तो बदलायचाच असतो. जिनिंगच्या परिसरात किंवा ऊसवाहतुकीच्या रस्त्यावर रोज जाणाऱ्यांनी मॅन्युअलमधल्या मुदतीच्या आधीच पाहावा. प्लगची फट ०.६ ते ०.७ मिमी आणि टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट मॅन्युअलप्रमाणे, थंड इंजिनावर. हे सगळे कार्ब्युरेटरला हात लावण्याआधी.

फवारणी पंपांबाबत सर्वांत जास्त नुकसान होते ते वापराविना. कापूस-सोयाबीनची फवारणी संपली की पंप गोठ्यातल्या खुंटीला टांगला जातो आणि आतले पेट्रोल तसेच राहते. काही आठवड्यांत हलके घटक उडून जातात, उरते ते जड आणि चिकट. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते. पाणी फार झाले तर ते इथेनॉलसह वेगळे होऊन तळाशी बसते आणि ॲल्युमिनियमला बुरशीसारखा पांढरा गंज धरतो. पुढच्या जूनमध्ये पंप सुरू होत नाही. उपाय फुकट आहे. शेवटच्या फवारणीनंतर टाकी रिकामी करावी, कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पुस्तिकेप्रमाणेच घालावे: १:२५ असेल तर लिटरला ४० मिली, १:५० असेल तर २० मिली. 'जरा जास्त घातले तर बरे' ही समजूत चुकीची आहे. ऑइल वाढले की तेवढे पेट्रोल घटते, मिश्रण पातळ होते आणि प्लगही ऑइलने भरतो.

शेवटी दोन मागण्या. पहिली पीयूसी केंद्रांबाबत. २००० नंतरच्या आणि बीएस-६ पूर्वीच्या फोर-स्ट्रोक दुचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३.५ टक्के आहे. ३.४ आले की गाडी पास, मालक खूश. पण आयडलिंगला एवढा वायू निघतो, तेव्हा पेट्रोलमधली १० टक्क्यांहून जास्त ऊर्जा न जळताच बाहेर पडते. नीट लावलेल्या बऱ्याच गाड्या १ ते २ टक्क्यांवर शांत चालतात. त्यामुळे केंद्रचालकाने कागदावरचा आकडा मालकाला वाचून दाखवावा, आणि मेकॅनिकने तो आकडा पाहून स्क्रू लावावा. एक्झॉस्टमध्ये ताजी हवा सोडणारी नळी ज्या गाड्यांना असते, तिथे सेटिंग करताना ती तात्पुरती बंद करावी, नाहीतर आकडा खोटाच कमी दिसतो.

दुसरी मागणी औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि कृषी विभागाकडे. तालुक्याच्या प्रत्येक संस्थेत वायू तपासणी यंत्र, जेट मोजायच्या पिनांचा संच आणि फ्लोटचे गेज असावे. ते घेऊन मुलांना गावोगावच्या मेकॅनिकांबरोबर बसवावे. मुले शिकतील, मेकॅनिकांनाही मोजून काम करण्याची सवय लागेल. पंपांचे शिबिर मे अखेरीस घ्यावे, कारण कापसावर पहिली फवारणी सुरू झाल्यावर शेतकऱ्याला पंप दिवसभर संस्थेत ठेवणे परवडत नाही.

आपला,
मोटार मेकॅनिक विषयाचा शिल्प निदेशक, जालना